गहू सोडला, पण सुटला का?

ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी आणि तोंडी लावायला शेंगदाण्याची चटणी. नांदेड जिल्ह्यातील उमरी, भोकर, धर्माबाद या भागातले हे रोजचे ताट. यात गहू कुठेच नाही, असे कोणीही म्हणेल. पण वरणाच्या फोडणीत हिंग आहे, ज्वारीचे पीठ गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळले गेले आहे आणि भाकरी ज्या परातीत थापली, त्याच परातीत सकाळी कणीक मळली होती. निरोगी माणसाला याने काही फरक पडत नाही. सिलियाक आजार असलेल्या माणसाला मात्र एवढा गहूसुद्धा त्रास देऊ शकतो.

गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांतील प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. सिलियाक आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील बारीक केसांसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही. मुलांची उंची आणि वजन वाढत नाही, पोट फुगते, वारंवार जुलाब होतात. मोठ्या माणसांत पोटाची तक्रार नसतानाही हा आजार असू शकतो. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा, सततचा थकवा ही त्याची लक्षणे असू शकतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये पावाची टंचाई झाली. त्या उपासमारीच्या काळात सिलियाकच्या बालरुग्णांची प्रकृती सुधारल्याचे दिसले आणि डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावरचा आधीचा संशय पक्का झाला. भारतात हा आजार दुर्मीळ समजला जात असे. पण देशातील तीन विभागांच्या पाहणीत, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के प्रौढांत तो आढळला. गहू सर्वाधिक खाल्ला जातो त्या उत्तरेत प्रमाणही सर्वाधिक होते. मराठवाड्यातही ज्वारीच्या जोडीला रेशनचा गहू, बिस्किटे, पाव आणि मैद्याचे पदार्थ आता घरोघरी आहेत.

या आजारावर औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हाच उपचार आहे. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होऊ शकते, असे अभ्यासात दिसले आहे. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहा टक्के ग्लुटेन धरले, तर ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम पीठ, जेमतेम दोन चिमटी. त्यामुळे पोळी बंद करणे ही फक्त सुरुवात ठरते.

डब्यातला गहू

सगळ्यात आधी हिंगाची डबी पाहावी. शुद्ध हिंग फार उग्र असल्याने बाजारात बहुतेक करून बांधानी हिंग मिळतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते. हे पीठ पुष्कळदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. तांदळाचे पीठ वापरलेला हिंगही मिळतो, म्हणून घटकांची यादी वाचून घ्यावा. एका चिमटीत गहू थोडाच असतो, पण फोडणी दोन्ही वेळेला असते आणि तोच हिंग पापडात, लोणच्यात, चिवड्यातही असतो.

त्यानंतर येसर. मराठवाड्याच्या आमटीला चव आणि दाटपणा देणाऱ्या या भाजून दळलेल्या पिठात डाळी आणि मसाल्यांबरोबर बहुतेक घरांत गहू असतो. एक चमचा येसरातून अर्धा ग्रॅम गहू सहज जाऊ शकतो. मेतकुटातही मूठभर गहू घालण्याची पद्धत आहे. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो आणि धपाटे नीट थापले जावेत म्हणून ज्वारीच्या पिठात कणीक मिसळली जाते. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. या पदार्थांना कोणी ‘गव्हाचे’ म्हणत नाही, म्हणूनच ते नजरेतून सुटतात.

पुडीतला आणि कढईतला गहू

शेव, पापडी, भजी बेसनाची. पण सुट्या फरसाणात काय मिसळले आहे हे कळत नाही. शिवाय ज्या तेलात समोसे आणि खारी शंकरपाळी तळली जाते, त्याच तेलातून भजीही निघतात. ‘ज्वारीचे’ किंवा ‘नाचणीचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत अनेकदा मैदा किंवा कणीकच जास्त असते. सोया सॉस बहुधा गहू वापरून केलेला असतो. अशक्त मुलाला ताकद यावी म्हणून दुधात घालून दिली जाणारी माल्टयुक्त पावडर तर जवापासून, काही वेळा गव्हापासूनही, तयार होते. मूल सिलियाकमुळेच अशक्त असेल, तर तो पेला त्याचे नुकसान करतो.

पाकीटबंद पदार्थ घेताना मागची बाजू वाचावी. ग्लुटेनयुक्त धान्य वापरले असल्यास ते लेबलवर जाहीर करणे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहिता येते. सुट्या मालाला लेबलच नसते, त्यामुळे तो टाळणे उत्तम.

गिरणी आणि परात

गव्हानंतर लगेच ज्वारी दळली, की जात्याच्या पाळ्यांत अडकलेला गहू ज्वारीत उतरतो. घरातल्या एकाला सिलियाक असेल, तर फक्त ज्वारी, तांदूळ आणि डाळींसाठी वेगळी घरगुती चक्की किंवा जुने दगडी जाते हा खात्रीचा मार्ग. धान्यही निवडून, धुऊन, वाळवून घ्यावे.

स्वयंपाकघरात चाळणी, पोळपाट-लाटणे, तवा आणि तळणाची कढई वेगळी ठेवावी. चाळणीच्या जाळीतले आणि लाकडाच्या चिरांतले पीठ धुऊनही पूर्ण निघत नाही. परात आणि इतर स्टीलची भांडी मात्र स्वच्छ घासली तर चालतात.

पर्याय घरचेच

ग्लुटेन हे गव्हाच्या पिठाला ताण देते. ज्वारीत ते नसल्याने भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. पीठ जुने होऊन विरी गेली असेल तर भाकरी काठाला चिरते. उकळत्या पाण्यात पीठ भिजवले की त्यातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी जमते. हीच युक्ती धपाट्यांना लागू पडते. कणकेऐवजी उकडलेला बटाटा किंवा जवसाची पूड गरम पाण्यात भिजवून घातली तर धपाटे मोडत नाहीत.

येसर घरीच गव्हाशिवाय करता येते. गव्हाच्या जागी तेवढीच ज्वारी किंवा बाजरी खरपूस भाजून घ्यावी. आमटीच्या दाटपणात फरक पडत नाही. भाजणीची चकली तांदूळ आणि डाळींची असते, तिच्यात गहू मिसळायची गरजच नाही. कुरडयांऐवजी तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या पापड्या घालाव्यात. मधल्या वेळेला मुरमुऱ्यांचा सुशीला, पोहे, ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे आहेत, थंडीत हुरडा आहे. उपवासाची भगर, राजगिरा आणि शिंगाडा ही ग्लुटेन नसलेलीच पिठे आहेत, फक्त दळण वेगळे हवे. ग्लुटेनमुक्त म्हणून येणारी महागडी पाकिटे घेतली नाहीत तरी या भागात काही अडत नाही.

आधी तपासणी

वर्तमानपत्रात वाचून किंवा कोणी सांगितले म्हणून गहू सोडू नये. सिलियाकचे निदान रक्तातील टीटीजी अँटिबॉडीच्या तपासणीने आणि गरजेनुसार दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यावरून होते. गहू आधीच बंद केला असेल तर दोन्ही तपासण्या फसव्या येऊ शकतात. निदान पक्के झाले की आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही रक्ततपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी, कारण हा आजार कुटुंबात उतरतो.

रुग्ण लहान मूल असेल तर त्याचे ताट वेगळे काढण्यापेक्षा घरातली आमटी, भाजी, चटणी सगळ्यांसाठीच बिनगव्हाची करणे सोपे जाते. पोळी हवी असलेल्यांनी ती शेवटी, वेगळ्या तव्यावर करावी. चुकीच्या डब्यात चमचा जाण्याची भीती त्याने बरीच कमी होते, आणि पंगतीत आपलेच ताट निराळे असे मुलाला वाटत नाही.