जांभ्याची रंध्रे

कर्जत तालुक्यातील माथेरानचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच आहे. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तेथे गेले आणि पुढे त्या अरण्यात थंड हवेचे गाव वसले. तेथे पाऊल टाकताच पाहुण्याचे स्वागत करते ती तांबडी माती. जोडे, वस्त्रे, वाटेकडेची झुडपे, साऱ्यांवर तिचा रंग चढतो. हा रंग जांभ्या खडकाचा होय.

डोंगराचा गाभा लाव्हारसापासून झालेल्या काळ्या कातळाचा आहे. माथ्यावरील कातळातून पावसाच्या पाण्याने लक्षावधी वर्षे विरघळणारी द्रव्ये वाहून नेली. लोखंड व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली आणि जांभा तयार झाला. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात पाहिलेल्या या दगडाला 1807 साली ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. कोकणात मात्र जांभ्याचे चिरे त्याआधीच घरांच्या भिंतींत बसलेले होते!

जांभ्याचा तुकडा हाती घेतला, तर तो पोखरल्यासारखा दिसतो. त्याच्या रंध्रांतून आणि भेगांतून पावसाचे पाणी खाली झिरपते. खालचा घट्ट थर त्याला अडवतो. मग ते आडवे सरकत कड्याच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पावसाळा सरल्यावरही असा झरा वाहत राहतो, कारण डोंगराने पाणी पोटात साठवलेले असते. जांभ्याच्या माथ्यावरील वस्तीचे जीवित या रंध्रांवर अवलंबून असते, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु पाणी एकटे झिरपत नाही. त्याच्याबरोबर मातीचे सूक्ष्म कणही निघतात. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक असतो. असे पाचशे कण ओळीने मांडले, तरी एक मिलिमीटर भरणार नाही. एवढ्या लहान कणाला वाट सहज मिळावी, असे वाटते. प्रत्यक्षात तो कोठे रंध्राच्या भिंतीला चिकटतो, कोठे प्रवाह मंदावताच तळाशी बसतो. कधी दोनचार कण अरुंद तोंडाशी एकदम येतात आणि एकमेकांना टेकून कमान उभारतात. त्यांतील प्रत्येक कण त्या तोंडाहून लहान असतो, तरीही वाट बंद होते. देवळाच्या चिंचोळ्या दारात एकाच वेळी घुसू पाहणाऱ्या माणसांची गत याहून निराळी नसते. मागून येणारे बारीक कण त्या कमानीतील फटीही भरून काढतात.

तळाला भोक असलेल्या डब्यात खडे व त्यांवर वाळू भरून गढूळ पाणी ओतीत राहावे. प्रथम पाणी भराभर गळते; पुढे ते अधिक स्वच्छ होते, पण धार बारीक होत जाते. स्वच्छता आणि मंदपणा यांचे कारण एकच आहे.

माथेरानच्या झाडीत पावसाचा थेंब पानांवर फुटतो, पाचोळ्यावर विसावतो आणि संथपणे मातीत शिरतो. मुळे व गांडुळे तेथे नव्या वाटा उघडीत असतात. याउलट माणसांच्या पावलांनी व घोड्यांच्या टापांनी तुडवलेल्या वाटेवर मातीचे पीठ झालेले असते. पहिल्याच सरीने ते पीठ वरच्या रंध्रांत बसते आणि एक पातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो. मग त्यानंतरचा पाऊस जमिनीत न मुरता तांबडे लोंढे होऊन दरीत उडी घेतो. जाताना आणखी माती नेतो, हे निराळेच. ज्या माथ्यावर पावसाळ्यात छत्री मिटण्यास उसंत मिळत नाही, तेथे उन्हाळ्यात झरा आटण्याचे एक कारण या पापुद्र्यात असू शकते.

मात्र या कणांना सर्वस्वी दोष देणे न्याय्य ठरणार नाही. डोंगराखाली कर्जतच्या खाचरांत शेतकरी भातलावणीपूर्वी चिखलणी करतो. पाणी साचलेल्या खाचरात नांगर फिरवून तो मातीची ढेकळे मुद्दाम मोडतो; सुटे झालेले बारीक कण खाली बसून रंध्रे बुजवतात आणि पाणी रोपांच्या मुळाशी उभे राहते. वर ज्यामुळे झऱ्याची वाट अडते, त्यामुळेच खाली भात पिकते. शिवाय खाचरातील हा बंदोबस्त कायमचा नसतो. कापणीनंतर जमीन वाळते, तिला भेगा पडतात आणि त्या वाटा पुन्हा मोकळ्या होतात. माथ्यावरील तुडवलेल्या वाटेचे तसे नाही. तिच्यावर पुन्हा गवत उगवून मुळे आत शिरेपर्यंत तो पापुद्रा फुटत नाही, आणि रोज पावले पडणाऱ्या वाटेवर गवताला उगवण्यास सवड मिळत नाही.