भुकेचं औषध, चरबीचं नव्हे

मार्च 2025मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली. तेव्हापासून नागपुरातही, सकाळच्या तर्री-पोह्यांच्या गाडीपासून सावजी भोजनालयापर्यंत, ‘चरबी वितळवणाऱ्या सुई’च्या गप्पा रंगतात.

ही औषधं चरबी वितळवत नाहीत. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 (तृप्तीचा निरोप देणारं संप्रेरक) स्रवतं. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल करतं; मौंजारोतलं टिर्झेपटाइड आणखी एका संप्रेरकाचीही. पंगतीत वाढपी आग्रह करतो आणि जेवणारा पानावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणतो. औषधामुळे तो हात लवकर आडवा होतो, इतकंच. मेंदूतली भूक मंदावते, पोट सावकाश रिकामं होतं, माणूस कमी खातो.

परिणाम मात्र खरा आहे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत, आहार-व्यायामाच्या जोडीने, 68 आठवड्यांत वजन सरासरी 15 टक्के घटलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं, हे जाहिरातीत सहसा येत नाही. घटलेल्या वजनात स्नायूही असतात. म्हणून प्रथिनं आणि व्यायाम सुटत नाहीत.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांना या इंजेक्शनांच्या रांगेत बसवू नये; त्यांचं काम वेगळं. त्या उणीव भरून काढतात. चरबी जाळत नाहीत, आणि त्यांत उष्मांक (अन्नातली ऊर्जा) जवळजवळ नसल्याने वजनही वाढवत नाहीत.

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे या इंजेक्शनांचे नेहमीचे त्रास. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं.