गोल्फमध्ये आयर्नने शॉट मारताना बॉल टीवर ठेवायचा की थेट गवतावर? वाद जुना आहे, पण उत्तर तसं सोपं आहे

७ ऑगस्ट २०२१ हा दिवस आपल्याला नीरज चोप्राच्या भाल्यामुळे लक्षात आहे. पण त्याच दिवशी सकाळी, आयुष्यात कधी गोल्फ न बघितलेली मंडळीही टीव्हीसमोर बसली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. शेवटी फक्त एका शॉटने ब्राँझ हुकलं आणि ती चौथी आली. आपल्या पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुष गटात खेळून आला होता, हे मात्र फार कमी लोकांना माहीत आहे.

तेव्हापासून गोल्फचे रील्स आपल्याकडेही बऱ्यापैकी फिरतात. ते बघताना एक गोष्ट खटकते. एखाद्या छोट्या होलवर एक खेळाडू जमिनीत ती छोटी खुंटी रोवतो, तिच्यावर बॉल ठेवतो आणि मारतो. दुसरा मात्र बॉल सरळ गवतावर टाकतो आणि मारतो. दोघांच्या हातात क्लब तोच असतो. मग यातलं बरोबर कोण?

आधी दोन मिनिटांत शब्द समजून घेऊ, म्हणजे पुढे गोंधळ नको.

ती खुंटी म्हणजे टी. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची असते आणि वरच्या टोकाला बॉल बसेल एवढी खोलगट बशी असते. गोल्फर जास्तीत जास्त १४ क्लब घेऊन खेळू शकतो. त्यातला सगळ्यात लांब मारणारा तो ड्रायव्हर. ड्रायव्हरने मारायचं तर बॉल टीवर ठेवायचा, यात कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो आयर्नचा. आयर्न म्हणजे धातूच्या पातळ, तिरप्या पात्याचे, नंबर दिलेले क्लब. नंबर जितका मोठा तितकं पातं जास्त तिरपं, बॉल तितका उंच जाणार आणि तितकाच जवळ पडणार.

आणि हा प्रश्न प्रत्येक शॉटला येत नाही. टी फक्त एकाच ठिकाणी वापरता येते, ती म्हणजे होल जिथून सुरू होतो ती जागा. तिला टीइंग एरिया म्हणतात. तिथे दोन खुणा असतात आणि त्यांच्यामागे दोन क्लबच्या लांबीएवढा आयत धरला जातो. बॉल त्या आयतात हवा, तुम्ही स्वतः बाहेर उभे राहिलात तरी चालतं. एकदा बॉल तिथून निघाला की पुढे गवत, वाळू, चिखल, जे नशिबात असेल त्यावरून मारायचं. नेहमीच्या १८ होलच्या कोर्सवर साधारण चार होल पार थ्रीचे, म्हणजे लहान असतात. तिथे पहिलाच शॉट बहुतेक वेळा आयर्नने मारला जातो. म्हणजे सगळा वाद या चारएक शॉट्सचा. पण गोल्फमध्ये एका शॉटची किंमत काय असते ते अदितीला विचारा.

मुळात ही टी आली कुठून?

हा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पूर्वी टी नावाची वस्तूच नव्हती. होलच्या सुरुवातीला वाळूची पेटी असायची. ओल्या वाळूची चिमूट घ्यायची, छोटा ढीग करायचा आणि त्यावर बॉल ठेवायचा. हात खराब व्हायचे, पाणी लागायचं, वेळ जायचा.

१८९९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ग्रँट यांनी लाकडी टीचं पेटंट घेतलं. ग्रँट हे दातांचे डॉक्टर. त्यांचे आईवडील एकेकाळी गुलाम होते आणि ते स्वतः हार्वर्डमध्ये शिकवणारे पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक ठरले. पण त्यांनी टीचा धंदा काही केला नाही, मित्रांना वाटण्यापुरतंच ते राहिलं. पुढे १९२० च्या दशकात विल्यम लॉवेल यांनी 'रेडी टी' बाजारात आणली, वॉल्टर हेगनसारख्या स्टार खेळाडूने ती वापरली आणि ती सगळीकडे पोचली. गंमत म्हणजे हे लॉवेलसुद्धा दातांचेच डॉक्टर! ग्रँट यांच्या कामाची अमेरिकन गोल्फ असोसिएशनने दखल घेतली ती थेट १९९१ मध्ये.

टी न वापरणाऱ्यांचं म्हणणं काय?

त्यांचा मुद्दा ऐकायला पटतो. आयर्नचा शॉट ड्रायव्हरसारखा नसतो. आयर्न खाली येता येता बॉलला लागतो, आधी बॉल आणि मग माती, असा क्रम असतो. म्हणून चांगल्या शॉटनंतर बॉलच्या पुढे गवताचा एक तुकडा उडालेला दिसतो. त्याला डिव्हॉट म्हणतात. बॉल वर जातो तो पात्याच्या तिरपेपणामुळे. तुम्ही खालून उचलायला गेलात की फसलात.

मग क्लब जर खालीच यायचा आहे, तर बॉल वर उचलून ठेवायचाच कशाला? शिवाय पुढचे सगळे शॉट गवतावरूनच मारायचे आहेत, तर सवय एकच असलेली बरी. आणि बॉल खुंटीवर दिसला की नवखा माणूस नकळत तो खालून उचलायला जातो, हा धोकाही खरा आहे.

यात एक न बोललेलं कारणही आहे. काहींना वाटतं, जवळच्या होलवर छोट्या क्लबने मारताना खुंटी रोवणं म्हणजे लहान मुलाच्या सायकलला बाजूची चाकं लावण्यासारखं. टीशिवाय मारलं की जरा भारी वाटतं. माझ्या मते निम्म्याहून जास्त वाद या 'भारी वाटण्या'चाच आहे.

मग निकलस काय सांगतात?

जॅक निकलस. १८ मेजर स्पर्धा जिंकलेला माणूस, आजवर कुणालाही तो आकडा गाठता आलेला नाही. त्यांचं या विषयावरचं मत गोल्फच्या जगात सगळ्यांना पाठ आहे. मातीपेक्षा हवा कमी अडवते, म्हणून संधी मिळेल तिथे बॉल टीवर ठेवा, असा त्याचा सारांश. यात न पटण्यासारखं काय आहे? नियम तुम्हाला एक सवलत फुकट देतोय आणि तुम्ही ती नाकारताय.

आता हवा कमी अडवते म्हणजे नेमकं काय होतं?

पहिली गोष्ट स्पिनची. आयर्नच्या पात्यावर बारीक खाचा असतात. पातं आणि बॉल यांच्यात घर्षण झालं की बॉल उलटा फिरत जातो आणि त्यामुळे ग्रीनवर पडल्यावर थांबतो. पण मध्ये गवताची पाती किंवा पाणी आलं की ही पकड सुटते. बॉल कमी फिरतो, अंदाजापेक्षा लांब जातो आणि पडल्यावर पळत सुटतो. गोल्फर याला 'फ्लायर' म्हणतात. गवताचा परिणाम किती मोठा असतो बघा, लांब गवतातूनही व्यावसायिक खेळाडू फार स्पिन काढतात म्हणून २०१० पासून त्या खाचांच्या आकारावरच नवीन मर्यादा आणाव्या लागल्या. टीवर ठेवलेल्या बॉलच्या आणि पात्याच्या मध्ये काहीच येत नाही. म्हणजे बॉल किती लांब जाणार याचा अंदाज चुकायचं एक कारण कमी झालं.

फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास कोर्सचा १७ वा होल आठवा, तोच, चारही बाजूंनी पाणी असलेलं ग्रीन. अंतर फक्त १३७ यार्डांच्या आसपास, पण ग्रीनवर पडलेला बॉल थांबला नाही की गेला पाण्यात. अशा ठिकाणी फ्लायर परवडतच नाही.

दुसरी गोष्ट चुकीला मिळणारी सूट, आणि तुमच्याआमच्यासाठी हीच जास्त महत्त्वाची. नवख्या गोल्फरचा सगळ्यात नेहमीचा घोळ म्हणजे 'फॅट' शॉट. क्लब बॉलच्या आधीच जमिनीत घुसतो, वेग मरतो आणि बॉल अर्ध्या वाटेत पडतो.

इथे थोडं गणित करू. व्यावसायिक खेळाडूंचा मधल्या नंबरचा आयर्न साधारण ४ अंशांच्या उताराने खाली येतो. ४ अंश म्हणजे ७ सेंटिमीटर पुढे जाताना क्लब जेमतेम ५ मिलिमीटर खाली उतरतो. आता हेच उलटं बघा. बॉल ५ मिलिमीटर वर ठेवला आणि तुमचा स्विंगही तेवढाच वरून आला, तर क्लब जमिनीला लागण्याची जागा ढोबळमानाने ७ सेंटिमीटर पुढे सरकते. गोल्फचा बॉल पावणेपाच सेंटिमीटरसुद्धा नसतो, किमान व्यास ४२.६७ मिलिमीटर. म्हणजे खुंटी नखाएवढी वर आणि सूट बॉलच्या रुंदीपेक्षा जास्त! हिशोब ढोबळ आहे, क्लब सरळ रेषेत नाही तर कमानीत फिरतो, पण टीचा फायदा कुठून येतो ते यातून कळतं.

तिसरं, आपल्याकडच्या जमिनीचं. मे महिन्यात टणक झालेल्या मातीवर आयर्न आपटला की झटका थेट मनगटात जातो. पावसाळ्यात उलट, गवत ओलं आणि खाली चिखल. दोन्हीवर उपाय तोच.

पण उंची किती?

खरी चूक इथे होते. आयर्नसाठी बॉल ड्रायव्हरसारखा उंच ठेवला की फायदा जातो आणि तोटा सुरू होतो. क्लब बॉलच्या खालून जातो, बॉल पात्याच्या वरच्या कडेला लागतो, उंच उडतो आणि अलीकडेच पडतो. नियमांनुसार टी ४ इंचांपर्यंत लांब चालते, पण ती मुभा ड्रायव्हरवाल्यांसाठी. आयर्नसाठी खुंटी जवळजवळ पूर्ण आत दाबायची, फक्त वरची बशी गवताच्या वर राहिली पाहिजे. ८, ९ नंबर किंवा वेजसाठी बॉल गवतावर छान बसलाय असं वाटेल एवढंच. ४, ५ नंबरसाठी त्याहून किंचित वर, पाव इंचाच्या आसपास. आणि स्विंग अजिबात बदलायचा नाही, खुंटी तिथे नाहीच असं समजून मारायचं. शॉटनंतर टी मोडली किंवा उडाली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती चांगल्या शॉटची खूण असते.

मधला मार्गही आहे. इंग्लंडच्या लॉरा डेव्हिस, चार मेजर जिंकलेल्या, त्या खुंटी वापरण्याऐवजी क्लब जमिनीवर आपटून गवताचा एक उंचवटा वर काढतात आणि त्यावर बॉल ठेवतात. नियमात हे बसतं, कारण टीइंग एरियातली जमीन अशी बदलायला परवानगी आहे. कोर्सची निगा राखणाऱ्या माळ्यांना हे किती आवडत असेल हा वेगळा विषय.

संधी मिळूनही टी नाकारली, असं मोठ्या स्पर्धेत झालंय का?

झालंय, एका अर्थाने. १० एप्रिल २०१६, ऑगस्टा, मास्टर्सचा शेवटचा दिवस. जॉर्डन स्पीथ नऊ होल संपले तेव्हा पाच शॉट्सने पुढे होता. दहाव्या आणि अकराव्या होलवर प्रत्येकी एक शॉट गेला. मग आला १२ वा होल, १५५ यार्डांचा पार थ्री, समोर रेज क्रीक नावाचा ओढा. पहिला बॉल पाण्यात.

आता त्याच्यापुढे पर्याय होते. दंडाचा एक शॉट घेऊन पुन्हा टीइंग एरियातून मारायचं, आणि तिथे बॉल परत टीवर ठेवता येतो. किंवा तोच दंड घेऊन ओढ्याच्या अलीकडे बॉल ड्रॉप करायचा, पण तिथे गवतावरूनच मारावं लागतं. स्पीथने दुसरा पर्याय घेतला, साधारण ८० यार्डांवरून. आणि क्लब बॉलच्या आधी जमिनीत गेला. अगदी तोच फॅट शॉट. बॉल पुन्हा पाण्यात. त्या होलवर त्याला ७ शॉट लागले आणि मास्टर्स डॅनी विलेट घेऊन गेला.

टी लावली असती तर तो जिंकला असता, असं म्हणणं आगाऊपणा होईल. १५५ पेक्षा ८० यार्ड जवळ आहेत आणि बहुतेक खेळाडूंनी हाच पर्याय निवडला असता. पण जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाचाही दबावाखाली गवतावरून असा शॉट पडतो, एवढं लक्षात ठेवा. आपण तर रविवारी सकाळी मजा म्हणून खेळणारे.

हो, आणि नवख्यांना माहीत असावेत असे दोन नियम. मारण्याआधी बॉल आपोआप टीवरून पडला तर दंड नाही, पुन्हा ठेवायचा. आणि मारला पण बॉल टीइंग एरियातच घुटमळत राहिला, तर तो शॉट मोजला जातो, पण पुढच्या शॉटसाठी बॉल परत टीवर ठेवता येतो.

आयर्नसाठी वेगळी टी विकत घ्यायचीही गरज नाही. पार थ्रीच्या सुरुवातीला जरा इकडेतिकडे बघा. आधीच्या लोकांनी मोडून टाकलेल्या टीची वरची अर्धुकं गवतात पडलेली असतात. वरची बशी शाबूत असेल तर एक उचला, दाबा आणि मारा.