जन्मखूण की जखम?

म्हसावदला आमच्या बाह्यरुग्ण विभागात सातपुड्यातल्या आज्या येतात, तेव्हा छाती तपासण्यासाठी गळ्यातली रुपयांची माळ बाजूला सारावी लागते. राणीछाप, राजाछाप, प्रत्येकाला डाग देऊन कडी बसवलेली. अशाच एका आजीचा नातू मध्यंतरी खोकत आला. ‘चुकीच्या छापाच्या नाण्याला लाखो रुपये’ असं मोबाइलवर पाहून त्यानं माळेतलं चिरेचं एक नाणं तोडलं आणि बंद खोलीत नायट्रिक ॲसिडनं उजळवलं. त्यातून निघणारा तपकिरी वायू वाईट. सुरुवातीला नुसता खोकला येतो, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणून त्याला रात्रभर ठेवून घेतलं.

ती चीर टांकसाळीची होती का? आम्ही डॉक्टर त्वचेवर डाग दिसला की जन्मखूण की जखमेचा व्रण, हे आधी पाहतो. इथेही तेच. टांकसाळीतला ठसा तडकला, की दाबाखाली चांदी त्या फटीत शिरते आणि नाण्यावर उंचावलेली रेघ उमटते. नंतर बसलेला ओरखडा खोल असतो. नखानंही कळतं. (डागाची चांदीही उंच लागते, पण ती अक्षरांच्या वर सांडलेली दिसते.)

संग्राहक ज्याला ‘लक्खी’ म्हणतात, त्यात आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीच्या एका बाजूला त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. दुसरी बाजू मात्र ठसठशीत असते. शेगड्यात दोन नाणी दाबून केलेल्या नकलेत ही दुसरी बाजू चेपलेली सापडते. छाप एका बाजूला सरकलेल्या अस्सल नाण्याचं वजन पूर्ण भरतं. कानशीनं घासलेल्याचं नाही. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. वापरानं थोडी झीज होते, तेवढी सोडून द्यायची.

शिवराईबाबत मात्र घाई नको. हातोड्यानं पाडलेल्या त्या तांब्याच्या नाण्यावर पूर्ण मजकूर क्वचितच मावतो, कारण ठसा चकतीपेक्षा मोठा असे. अर्धी अक्षरं हा तिथला नेहमीचा प्रकार, दुर्मीळ चूक नव्हे.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया आणखी वेगळा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून पुढच्या वर्षी नक्षी बदलली. ती चूक चित्र काढणाऱ्याची. यंत्र आपलं काम नीट करत होतं.

पैशाचं म्हणाल, तर जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. ‘आधी नोंदणीचे पैसे भरा’ म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवावा.

नातवाच्या नाण्यावरची चीर खोल होती. कडी बसवताना लागलेली कानस. ॲसिडनं त्याची अक्षरंही बोथट केली. आजीनं ते पुन्हा माळेत ओवायला मागून घेतलं.