पट्टी वाकवताना जोखीम कुणाकडे असते?

मागच्या वेळी आपण कौशल्य आणि ज्ञान या दोन शब्दांशी बरीच झटापट केली. त्यानंतर मिशिगनमधल्या एका श्रोत्यांचं पत्र आलं. नोकरी सांभाळून ते गॅरेजमध्ये गिटार बनवतात. पहिली झाली, दुसरीची तयारी चालू आहे. विचारतात, बाजूच्या पट्ट्या वाकवण्याचं यंत्र विकत घ्यावं की घरी बनवावं? खाली लिहिलंय, "सर, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही याची कल्पना आहे." मला वाटतं, आहे. शिवाय निवृत्तीनंतर मीही याच नादाला लागलोय, त्यामुळे आजचा तास त्यांच्या पत्राला.

आधी अडचण काय आहे ते बघू. गिटारला पुढे तबली असते, मागे पाठ असते आणि दोघींना जोडणारी, कडेने फिरणारी लाकडी पट्टी असते. ही पट्टी दोन ते अडीच मिलिमीटर जाड. तिला खांद्यापाशी बाहेर वळायचं, कमरेत आत, आणि खाली पुन्हा बाहेर. आपल्याकडच्या वाद्यांत हा प्रश्न फारसा येत नाही. मिरजेचा तंबोरा घ्या. त्याची गोलाई भोपळ्यानेच वेलीवर करून ठेवलेली असते. सरोद लाकडाच्या ठोकळ्यातून कोरून काढतात. म्हणजे गोलाई एक तर उगवायची किंवा कोरायची. गिटारवाला तिसरी वाट धरतो. सरळ लाकडाला तो वाकायला लावतो.

आता लाकूड वाकतं कसं? त्यात सेल्युलोजचे लांब तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन असतं. डिंकासारखं म्हणा. लिग्निन तापलं की मऊ पडतं, आणि ओलावा असेल तर कमी तापमानाला मऊ पडतं. तंतू एकमेकांवरून जरा सरकतात, निवल्यावर नव्या जागी घट्ट होतात. कळकाची काठी जाळावर शेकून सरळ करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण एक गोम आहे. पट्टी वाकते तेव्हा तिचं आतलं अंग दबतं आणि बाहेरचं ताणलं जातं. मऊ झालेलं लाकूड दाब पुष्कळ सोसतं, ताण मात्र फारच थोडा. म्हणून मोडते ती बाहेरच्या अंगाने. आणि गिटारमध्ये खांद्याचं जे बाहेरचं अंग, तेच कमरेत आतलं होतं! एकाच पट्टीची दोन्ही अंगं आळीपाळीने धोक्यात येतात. जाडीचा हिशेबही सांगतो. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अडीच मिलिमीटरची पट्टी दोन मिलिमीटरच्या पट्टीपेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? तिथेच पट्ट्या मोडतात.

जुनी पद्धत तापलेल्या नळीची. धातूची नळी आतून तापवायची, ओलसर पट्टी तिच्यावर टेकवून हलकेच पुढेमागे झुलवायची. एका क्षणी लाकूड हातात सुटतं. हा क्षण शब्दांत पकडता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय. व्हायोलिन करणारे अजूनही असंच करतात.

चार वर्षांपूर्वी मी शिसवीची जोडी घेऊन बसलो होतो. शिसवी म्हणजे दक्षिण भारतातली, जगभरच्या गिटारींत जाते ती. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये बंदी आल्यावर तर हिचा भाव आणखी वधारला. पहिली पट्टी बरी झाली. दुसरी कमरेत आली आणि मी घाई केली. घाई म्हणतो, पण खरं असं की माझ्या हातांना अलीकडे थोडा कंप आहे आणि दोन मिनिटं एकसारखा दाब धरवत नाही. काडकन आवाज झाला. आता नुसती एक पट्टी आणून भागत नाही. दोन्ही पट्ट्या एकाच फळीतून लागोपाठ कापलेल्या असतात, रेषा आरशासारख्या जुळाव्यात म्हणून. एक गेली की दुसरीही गेली. ते झाड वाढायला माझ्या वयाइतकी वर्षं सहज लागली असतील.

इथे मला डेव्हिड पाय आठवतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये तो फर्निचरचा प्राध्यापक होता आणि स्वतः लाकूड कोरणारा. १९६८ साली त्याचं कारागिरीवरचं पुस्तक आलं. 'हस्तकला' आणि 'यंत्र' ही जोडी त्याला निरुपयोगी वाटते. तो वेगळी जोडी मांडतो: जोखमीची कारागिरी आणि खात्रीची कारागिरी. पहिलीत काम चालू आहे तोवर निकाल टांगणीला असतो, एका चुकीने सगळं जाऊ शकतं. दुसरीत कामाला हात लावण्याआधीच निकाल ठरलेला असतो. नळी पहिल्या प्रकारातली. यंत्र दुसऱ्या प्रकाराकडे झुकतं.

हे यंत्र चार्ल्स फॉक्स या अमेरिकन कारागिराच्या नावाने ओळखलं जातं. १९७०च्या दशकात तो गिटार बनवायला शिकवत असे. रचना अगदी साधी आहे. गिटारच्या अर्ध्या आकाराचा साचा, आत दीडशे-दोनशे वॅटचे तीन पिवळे दिवे. पट्टी ओल्या कागदात गुंडाळून स्प्रिंग स्टीलच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ठेवायची. दोन पत्रे कशाला, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल: दोन्ही अंगांना आधार हवा. वाफ दिसू लागली की स्क्रूने कंबर हळूहळू खाली दाबायची, मग खांदा आणि खालचा फुगवटा ओढून बसवायचा, शेवटी कंबर पूर्ण. तापमान दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास. दहाएक मिनिटं ठेवायचं, मग पूर्ण निवू द्यायचं.

पण जोखीम नाहीशी झाली का? नाही, ती मागे सरकली. साच्याची कड दोन मिलिमीटर चुकली तर यापुढची प्रत्येक पट्टी तितकीच चुकणार, अगदी खात्रीने! लाकडाची रेषा तिरकी बाहेर पडतेय का, हे यंत्र बघत नाही. आणि स्क्रूची ताकद इतकी की लाकूड नको म्हणत असलं तरी ते तुमच्या हाताला कळत नाही.

म्हणून माझं उत्तर असं. साचा स्वतः करा. आकार तुमचा आहे, आणि साचा घासताना कमर किती तीव्र वळते ते बोटांना कळतं. प्लायवूडची चौकटही घरी होते, त्यात अवघड काही नाही. पत्रे आणि उष्णता मात्र विकत घ्या. दिव्यांचा जुना उपाय आता गैरसोयीचा झालाय. युरोपात २००९ पासून, अमेरिकेत २०२३ पासून तसे दिवे बाजारातून जात आहेत. त्यांची जागा सिलिकॉनच्या तापणाऱ्या चादरीने घेतली आहे. ती तापमान-नियंत्रकासकट घ्या. ओला कागद, धातूचे पत्रे आणि वीज एकत्र आहेत, इथे घरगुती जोडाजोड नको. अर्थिंग नीट तपासून घ्या.

वर्षाला एकच गिटार करणाऱ्याने यंत्राच्या भानगडीत पडू नये, असं मी पूर्वी ठासून सांगायचो. आता सांगत नाही. हात तयार व्हायला कितीतरी पट्ट्या मोडाव्या लागतात, आणि तितकी वर्षं सगळ्यांकडे शिल्लक नसतात. मी यंत्र बनवलं. दोन महिने गेले, साचा दोनदा फेकला.

हो, मागे कुणाचा तरी हात वर आहे. विचारा. ... ऐकू आलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, प्रश्न असा आहे की यंत्र आल्यावर नळी विकून टाकली का? नाही हो. यंत्रातून काढलेली पट्टी थोडी उलट उघडते, प्रत्येक लाकूड वेगळं. कंबर जरा सैल राहते, ती नळीवर नीट करावी लागते. ते काम मात्र दोनपाच सेकंदांचं असतं. तेवढं मला अजून जमतं.