बृहत्कथा आणि आग्नेय आशियातील अद्भुतकथा

गुणाढ्याने पैशाची प्राकृतात रचिलेला बृहत्कथा हा ग्रंथ मूळ स्वरूपात उपलब्ध नाही. परंपरेने गुणाढ्याचा संबंध प्रतिष्ठानच्या (पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद) सातवाहन राजाशी जोडला जातो. सोमदेवाच्या कथासरित्सागरातील (अकरावे शतक) आख्यायिकेप्रमाणे त्याने अरण्यात स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोक लिहिले; राजाने ते अव्हेरल्यावर पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत त्यांतील सहा लक्ष अग्नीत टाकले. ग्रंथ लोपला, पण कर्त्याची कीर्ती समुद्रापार पोहोचली होती. कंबोडियाचा राजा यशोवर्मा याच्या नवव्या शतकाच्या अखेरीच्या संस्कृत शिलालेखांत गुणाढ्याचे नाव येते.

कन्नड कवी दुर्गसिंह (अकरावे शतक) याने आपले पंचतंत्र वसुभागाच्या पाठावरून रचिले आणि वसुभागाने त्यातील कथा बृहत्कथेतून घेतल्याचे नमूद केले. हे विधान शब्दशः मानण्याचे कारण नाही. तथापि विष्णुशर्म्याच्या पाठाहून निराळी असलेली हीच शाखा जावा, सयाम व लाओस येथील कथांना अधिक जवळची आहे. जावातील तंत्री कामंदक (होइकासची आवृत्ती, १९३१) या ग्रंथात रोज नवी वधू मागणाऱ्या राजाला प्रधानकन्या तंत्री गोष्टींत गुंतवून ठेवते. लाओसमध्ये बैल, बेडूक, पक्षी यांच्याबरोबर पिशाचांचेही स्वतंत्र प्रकरण आहे. विष्णुशर्म्याच्या पाच तंत्रांत असे पिशाचतंत्र नाही, ही बाब लक्षणीय होय.

सर्वच कथा मात्र प्राचीन मार्गाने गेल्या नाहीत. वेतालकथा सोमदेव व क्षेमेंद्र या दोघांच्याही ग्रंथांत आढळतात. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची वेताळपंचविशी १८३० मध्ये निघाली. थाई भाषेतील नितान वेतान (१९१८) हा ग्रंथ मात्र राजपुत्र पिट्टयालाँगकॉर्न याने रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी रूपांतरावरून (१८७०) लिहिला.

ग्रंथावरून लोकविश्वासाचे अनुमान करताना सावधगिरी हवी. पोथीतील वेताळ स्मशानातील प्रेतात शिरतो. कोकणातील आरवलीचा वेतोबा हा गावाचा रक्षक असून त्याला पायताणे वाहतात. आग्नेय आशियातही असेच अंतर दिसते. आतड्यांसह धडावेगळे होऊन रात्री उडणारे स्त्रीमस्तक, म्हणजे थायलंडमधील क्रासू किंवा मलायातील पेनांगगालान, हे या संस्कृतोद्भव कथाग्रंथांतून आलेले नाही. त्याच्या माहितीसाठी स्कीटच्या मलाय मॅजिकसारख्या (१९००) लोकाचारांची नोंद करणाऱ्या ग्रंथांकडेच वळावे लागते.