यवतमाळहून खोल समुद्रात मासेमारीला जायचंय? बोटीआधी तारीख ठरवा

मोबाइलवर एखादी रील येते. निळं पाणी, छोटी बोट, कुणीतरी हातभर लांब सुरमई उचलून दाखवतोय आणि खाली लिहिलंय, ‘डीप सी फिशिंग, आजच बुक करा’. बेंबळा किंवा अरुणावतीच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्याला ती बघून खाज सुटणारच. प्रश्न एवढाच, की यवतमाळहून समुद्र गाठायलाच एक दिवस लागतो. इतक्या लांब जाऊन खिसा रिकामा न होता हे जमू शकतं का? जमतं. पण बहुतेकांचे पैसे बोटीच्या भाड्यात जात नाहीत, चुकीच्या तारखेत जातात.

हे अनुभवाने सांगतोय. इंजिनीअरिंगची शेवटची परीक्षा संपल्यावर आम्ही चौघे मित्र ३ जूनला कोकणातल्या एका बंदरावर पोहोचलो. फोनवर चार हजार रुपये ॲडव्हान्स घेताना बोटवाला ‘या, होईल’ म्हणाला होता. तिथे बघतो तर बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, काहींवर ताडपत्री टाकलेली. शेजारी जाळं विणत बसलेल्या एका काकांनी विचारलं, ‘कुठून आलात?’ यवतमाळ म्हटल्यावर ते नुसते हसले. ॲडव्हान्स परत मिळाला नाही.

जूनमध्ये बोटी बंद का?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. हा बऱ्याच माशांचा प्रजननाचा काळ आणि समुद्रही खवळलेला. कोकणातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आपल्याकडे जून म्हणजे पेरणी, त्यामुळे हा विषय कानावरच येत नाही.

ऑगस्टमध्ये बंदी उठते, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, पण हौशी माणसाने तेव्हाही घाई करू नये. अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. २०१९ च्या दिवाळीत आलेलं ‘क्यार’ आणि मे २०२१ मधलं ‘तौक्ते’, दोन्ही सिंधुदुर्गाने सोसली. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात भरवशाचा. त्यातही नाताळ ते ३१ डिसेंबरचा आठवडा टाळा. मालवण-तारकर्लीत खोल्यांचे भाव तेव्हा कुठल्या कुठे जातात. कापसाची पहिली-दुसरी वेचणी होऊन हातात थोडे पैसे आलेले असतात तो डिसेंबरचा पहिला पंधरवडा आपल्यासाठी बरा.

महिना ठरला की तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा प्रवाह मंद असतो आणि दोरीला बांधलेलं शिसं तळाशी टिकतं. नवख्याला भांग सोपा. घरातलं कॅलेंडर यासाठी पुरेसं आहे.

‘डीप सी’ म्हणजे नक्की किती खोल?

जाहिरातीतला हा सगळ्यात फसवा शब्द. समुद्राचा तळ किनाऱ्यापासून हळूहळू उतरत जातो आणि साधारण २०० मीटर खोलीनंतर एकदम खाली कोसळतो. त्या कड्यापर्यंतच्या उथळ भागाला खंडान्त उतार नव्हे, समुद्रबूड जमीन म्हणतात. मुंबईसमोर हा पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो, तरी कोकणातून सकाळी निघून दुपारी परतणारी बोट कड्यापर्यंत पोहोचूच शकत नाही.

साधा हिशेब करू. बोट ताशी ११ किलोमीटरने गेली तर दोन तासांत २२ किलोमीटर. म्हणजे १२ सागरी मैल, जिथे राज्याची हद्द संपते. तिथेही पाणी २०० मीटरच्या जवळपास नसतं आणि पर्यटकांच्या बहुतेक बोटी याच्या निम्म्यानेही आत जात नाहीत. खरं खोल पाणी किनाऱ्याजवळ हवं असेल तर अंदमान. पण विमानाचं भाडं आलं की ‘परवडणारं’ हा शब्द खोडावा लागतो.

याचा अर्थ कोकणातली फेरी फालतू आहे असा नाही. खडकाळ तळावर गोबरा, तांबोशी लागते, वर बांगड्याचे थवे असतात, नशीब असेल तर सुरमई. फक्त किंमत जवळच्या फेरीची द्या, खोल समुद्राची नाही. बोटवाल्याला सरळ विचारा: किती किलोमीटर आत, किती वाव पाणी, प्रत्यक्ष गळ टाकायला किती वेळ? वाव म्हणजे सुमारे सहा फूट, कोळी बांधव खोली त्यातच सांगतात.

जायचं कसं, खर्च किती?

यवतमाळकरांना जवळचं मोठं स्टेशन धामणगाव. नागपूर-मडगाव विशेष गाडी मिळाली तर कोकणात थेट कुडाळ किंवा कणकवलीला उतरून एसटीने मालवण. ही गाडी आठवड्यातून मोजक्याच दिवशी आणि मुदतवाढीवर चालते, तेव्हा आधी ती त्या तारखेला आहे का ते बघा. नसेल तर विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी ठाणे आणि तिथून मांडवी एक्स्प्रेस. विदर्भला उशीर झाला की मांडवी चुकते, हे मनात धरूनच निघा. आरक्षण ६० दिवस आधी सुटतं.

बोटीचं भाडं माणशी नसून फेरीचं असतं, कारण मोठा खर्च डिझेलचा. समजा चार तासांचे ८ हजार सांगितले. चौघे असाल तर माणशी दोन हजार, आठ जण असाल तर एक हजार. म्हणून गट आठचा करा, पण परवान्यावर लिहिलेल्या संख्येच्या पुढे एकही माणूस नको. स्लीपरचं जाऊन-येऊन दीड ते दोन हजार, घरगुती राहण्या-जेवणाचे दोन दिवसांचे तेवढेच आणि बोटीचा वाटा, असे माणशी पाच हजार धरून चाला. एक दिवस मात्र मोकळा ठेवा. वारा वाढला आणि फेरी रद्द झाली तर दुसऱ्या सकाळी जाता येतं. त्याच दिवशीचं परतीचं तिकीट काढलेला माणूस हट्टाने खराब समुद्रात उतरतो. रद्द झाल्यास ॲडव्हान्स परत मिळेल, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं.

कुठल्या बोटीत बसायचं?

ओळखीच्या मच्छीमाराच्या बोटीतून ‘असंच’ जाणं स्वस्त वाटतं. पण मासेमारीची बोट प्रवासी नेण्यासाठी नसते आणि २६/११ नंतर खलाशांना ओळखपत्राशिवाय समुद्रात जाता येत नाही. मधेच गस्तीची बोट आली तर तुमच्यापेक्षा त्या गरीब माणसाची अडचण होते. महाराष्ट्र सागरी मंडळाचा प्रवासी परवाना असलेली बोट मागा.

लाइफ जॅकेट बोटीवर आहे एवढं पुरत नाही, ते अंगावर हवं. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळ नौदलाच्या बोटीची धडक बसून ‘नीलकमल’ बुडाली, १५ जीव गेले. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. आपल्यापैकी ज्याला धरणात पोहता येतं त्यानेही ते घालावं, लाटेत पोहणं वेगळं. निघण्याआधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज बघा, दोन्ही फुकट आहेत. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा.

मालवणात आणखी एक भानगड आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे वाटेल तिथे गळ टाकता येत नाही. कासव किंवा देवमुशी म्हणजे व्हेल शार्क अडकला तर सोडून द्यावाच लागतो. वन्यजीव कायद्याने दोघांनाही संरक्षण आहे.

सामान काय न्यायचं?

महागडा रॉड विकत घेऊ नका. कोकणात तंगूस, शिसं आणि गरी एवढ्यावर हातानेच मासा काढतात, त्याला गरवणं म्हणतात. आमिष म्हणून कोळंबी किंवा माकुलाचे तुकडे बोटवालाच देतो. आपल्या रोहू-मरळवाल्या गाठी इथे सुटतात, म्हणून आधी सराव करा. मात्र धरणातली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, त्यांना विचारून.

उलटी होणार हे गृहीत धरा. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्या, रिकाम्या पोटी जाऊ नका आणि बोटीत मोबाइलकडे न बघता क्षितिजाकडे बघा. पकडलेला मासा यवतमाळपर्यंत बर्फात आणण्याच्या भानगडीत पडू नका, मुक्कामाच्या घरीच कालवण करून मागा. घरच्यांसाठी मालवणच्या बाजारातून सुका बांगडा आणि सुकट घ्या, पण डबा घट्ट बंद करून. स्लीपरच्या डब्यात एक अख्खी रात्र काढायची असते.